उमजपट्टी

मेरूगिरी विद्यापीठाच्या मेसमध्ये कोणी अभ्यासाचा विषय काढला, की आजूबाजूचे सगळे चमचे उचलून आपापली ताटं बडवायला लागत. हळूच टिचकी वगैरे नाही, चांगला दणदणाट, बोलणाऱ्याचं तोंड बंद होईपर्यंत. पहिल्या वर्षाच्या नवख्या पोरांना वाटे, कुणाचा तरी वाढदिवस असावा. एखादं भाबडं पोर हसत टाळ्याही वाजवी. मग शेजारचं कोणीतरी त्याला समजावे, "बाबा रे, इथे गुपचूप खायचं. कुणाचं काही फोडलंस ना, तर ही माणसं तुला जिवंत सोडायची नाहीत."

फोडणं म्हणजे समजावून सांगणं. होय, बरोबर वाचलंत. संशोधनाला वाहिलेल्या एका नामांकित खासगी विद्यापीठात समजावून सांगणं हा गुन्हा होऊन बसला होता. तो कसा झाला हे कळायला आधी तिथल्याच डॉ. खांबेट्यांची पट्टी कळायला हवी.

माणसाला एखादी गोष्ट उमजते तेव्हा मेंदूत काय घडतं, हे ढोबळमानाने बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. डोक्यात घोळणारं कोडं एकाएकी सुटतं, तोंडातून 'अरेच्चा!' निघतं, त्याच्या जरासं आधी उजव्या कानशिलाच्या वर जलद विद्युतलहरींची एक उसळी येते. पाठ केलेलं आठवताना ती उसळी येत नाही, तेव्हा लहरींची चाल निराळीच असते. खांबेट्यांनी या दोन चाली बिनचूक वेगळ्या ओळखणारी एक मऊ पट्टी बनवली. कपाळावरून कानामागे जायची, डोक्याला रुमाल बांधल्यासारखी. प्राध्यापक वर्गात शिकवत असताना कुठल्या वाक्याला कुणाला काय उमजलं आणि ते मेंदूत किती दूरवर पसरलं, हे ती टिपायची. त्यावरून उमजांक ठरायचा. परीक्षा बंद.

लोक अक्षरशः नाचले. उमज चोरता येत नाही, विकत घेता येत नाही आणि घोकून तर मुळीच येत नाही. शिकवणीवाल्यांची दुकानं बसली. श्रीगोंद्याच्या हायस्कुलात हयातभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या गवांदे सरांनी तर पेढे वाटले. सरांचा सगळा जन्म घोकंपट्टीशी भांडण्यात गेला होता, आणि आता त्यांची एकुलती एक ऋजुता त्याच विद्यापीठात निघाली होती, जिथे घोकंपट्टीला कुत्रंही विचारत नव्हतं.

मेख एवढीच होती, की गोष्ट उमजते ती एकदाच. दुसऱ्यांदा ऐकली की ती आठवते, आणि आठवणीला उमजांक नाही. पट्ट्या वर्गाच्या दारात मिळायच्या आणि दारातच परत द्याव्या लागायच्या. तेव्हा जे बाहेर उमजलं ते गेलं. घरून वाचून आलेल्या पोरांच्या रेघा वर्गात सपाट पडल्या. पहिल्याच सत्रात सगळ्यात मेहनती पोरं तळाला गेली आणि बाकीच्यांनी त्यातून घ्यायचा तो बोध घेतला. अज्ञान जपायचं. वाचनालयात लोक जात ते तिथे गारवा असतो म्हणून. 'मी अजून कोरी आहे' असं पोरी गळ्यातला दागिना दाखवावा तशा ऐटीत सांगत. कुणीतरी हे खांबेट्यांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "एकत्र अभ्यास करायला विद्यापीठाने कुणालाही मनाई केलेली नाही." आणि ते खरंच होतं. मनाई कुणाचीच नव्हती.

* * *

ऋजुता वडिलांना नाना म्हणायची. लहानपणापासून रविवारची सकाळ त्या दोघांची. आईने पोह्यांच्या ताटल्या पुढे ठेवायच्या आणि नानांनी एक कोडं घालायचं. उत्तर ते कधीच सांगत नसत. आडून आडून प्रश्न विचारत पोरीला अशा जागी नेऊन उभं करत, की उत्तर तिचं तिलाच दिसे. मग तिच्या आधी तेच ओरडत, "आलं बघ! आलं बघ!"

ती विद्यापीठात गेली तेव्हा रविवारचं कोडं फोनवर सुरू राहिलं. फार नाही टिकलं. महिन्याभरातच तिला सांगावं लागलं, "नाना, आता कोडी नकोत. इथं आधी कळलेलं चालत नाही."

नानांना वाटलं, थट्टा करते आहे. मग तिने पट्टीचं, फोडण्याचं, मेसमधल्या ताटांचं सगळं सविस्तर सांगितलं. ते हसले. "बरं बाई. माझी जित्याची खोड आहे, मी घसरणार. मी घसरलो की तू ताट वाजव."

तसं ते घसरायचेच. "अगं, काल गंमत झाली, बादलीत लोटा तरंगत होता..." असं सुरू करायचे, आणि इकडून ऋजुता टणटण चमचा वाजवायची. दोघं खो खो हसायची. पण चमचा वाजायचाच. हळूहळू रविवारचे फोन आटोपशीर झाले. जेवलीस का, थंडी आहे का, आईचा गुडघा कसा आहे. गणिताच्या मास्तरला पोरीशी बोलायला तेवढंच उरलं.

* * *

वसतिगृहात ऋजुताच्या खोलीत नाझनीन मुजावर होती. मिरजेची, तंबोरे बनवणाऱ्या घरातली, उंच, मोठ्याने हसणारी. त्या बाजूच्या पोरींसारखी 'मी आलो, मी बसलो' असं बोलायची आणि कुणी हसलं तर डोळे वटारायची. सबंध वर्गात उमजांकाला पुढे होत्या त्या या दोघीच. ऋजुता तिळभर पुढे, नाझनीन तिळभर मागे, आणि मधेच उलटं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी खांबेटे आपल्या प्रयोगशाळेत एकाच विद्यार्थ्याला घेत. ज्याला घेतलं त्याच्या हाती पुढची दोन वर्षं खरं संशोधन, स्वतःचा प्रयोग, शोधनिबंधावर स्वतःचं नाव. बाकीच्यांना नुसती पदवी, जी कुठेही मिळते. ती एक जागा मिळावी म्हणूनच ऋजुता या डोंगरावर आली होती, आणि नाझनीनही त्याचसाठी. निम्मा भार वर्षभराच्या उमजांकावर आणि निम्मा खांबेट्यांच्या शेवटच्या तासावर. यंदाच्या तासाचा विषय फलकावर लागला होता: 'उष्णता आणि काळाची दिशा'. त्यातली सूत्रं बारावीपासून सगळ्यांना तोंडपाठ होती. उमजली कुणालाच नव्हती, आणि त्याबद्दल सगळे मनोमन खूश होते.

"आपण दोघी दिवसभर बोलतो काय गं?" नाझनीन एकदा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "आमटीत मीठ कमी हाय, आणि चादर वाळली काय. माझी आज्जी शेजारणीशी याच्यापेक्षा शहाण्यासारखं बोलते."

"एकदा तो तास होऊ दे," ऋजुता म्हणाली. "मग बोलू पोटभर."

"तवर विसरून जाऊ बोलायचं," नाझनीन म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

* * *

शेवटच्या तासाआधी चार दिवस सुट्टी होती. ऋजुता घरी गेली. निघायच्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात तिचा डबा भरत होती, खाली भाजलेले शेंगदाणे, वर फुटाणे. तिच्या आईची रीतच तशी, थर लावून भरायची. ऋजुताचा चहा ओट्यावर गार होत पडला होता.

"आई, कशाला थर लावतेस?" ती म्हणाली. "एसटीत सगळं मिसळूनच जातं."

"जातं खरं," नाना दारातून म्हणाले. "मग परत येताना पुन्हा वेगळं होत असेल नाही?"

ती हसली. "काहीतरीच काय, नाना."

"का बरं? एसटी तीच, रस्ता तोच, खड्डे तेच. जाताना मिसळतात, तर येताना सुटे व्हायला कुणी अडवलंय त्यांना?"

आता इथे तिने चमचा उचलायला हवा होता. पण विषय फुटाण्यांचा होता, अभ्यासाचा कुठे होता? आणि खरं सांगायचं तर नानांचा तो आडून आडून येणारा आवाज तिने किती दिवसांत ऐकला नव्हता. "कुणीच अडवलेलं नाही," ती म्हणाली.

"मग? दाणे खाली, फुटाणे वर, अशा मांडण्या किती असतील?"

"असतील थोड्या."

"आणि सरमिसळीच्या?"

"बाप रे. मोजायला जन्म पुरायचा नाही."

"एसटीला बिचारीला काय कळतंय? ती नुसती हलवते. हलता हलता डबा कुठे जाऊन बसेल?"

"जिथं मांडण्या जास्त तिथं," ऋजुता म्हणाली, आणि तिची नजर ओट्यावरच्या चहाकडे गेली. चहाचे कण धावते, हवेचे संथ. कुणी कुणाला मनाई केलेली नाही. नुसती हलवाहलव, आणि सरमिसळीच्या मांडण्या इतक्या प्रचंड, की गार झालेला चहा आपण होऊन पुन्हा गरम व्हायला जगाचं आयुष्य पुरायचं नाही. आणि काळ? काल म्हणजे तरी काय, डबा आजच्यापेक्षा कमी मिसळलेला होता तो दिवस! तिच्या अंगावर सरसरून काटा आला. इतका निखळ आनंद तिला दोन वर्षांत झाला नव्हता.

"आलं बघ!" नाना ओरडले. "आलं बघ!"

आणि मग तिच्या लक्षात आलं.

"नाना!" ती किंचाळली. "काय केलंत हे?"

"काय केलं? मी आपलं फुटाण्यांचं..."

"तोच तास आहे माझा! तेच शिकवणार आहेत उद्या! फोडलंत तुम्ही! दोन वर्षं जपलं होतं मी ते, दोन वर्षं!"

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला ठाऊक नव्हतं गं बाळा. खरंच ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला गप्प राहताच येत नाही! सगळ्या जगाला शिकवत सुटायचं! वाटोळं केलंत माझं!"

"ऋजू, बापाशी बोलते आहेस," आई म्हणाली. ऋजुताने पिशवी उचलली. नाना स्टँडपर्यंत यायला निघाले, तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ." आईने धावत येऊन डबा तिच्या पिशवीत कोंबला.

* * *

एसटीत तिने खूप प्रयत्न केला न कळल्याचा. करून पाहा तुम्हीही. कळलेलं विसरता येतं, पण ते न कळलेलं करता येत नाही. तिची रेघ आता सपाट पडणार, नाझनीनची आभाळाला भिडणार, आणि जागा जाणार. हिशेब सरळ होता. दोघींच्या रेघा सपाट पडल्या तर मात्र वर्षभराच्या उमजांकावर ठरणार, आणि तिथे ऋजुता तिळभर पुढे होती. हा विचार तिच्या मनात कधी आला ते तिला सांगता आलं नसतं. पण घाट चढून एसटी वर पोचली तेव्हा तो आलेला होता आणि ठाण मांडून बसलेला होता.

नाझनीन खोलीत ताटलीत केळं कापून खात बसली होती. "आलीस व्हय! काय दिलंय आईनं?" म्हणत तिने पिशवीतून डबा काढला. झाकण उघडलं, तर दाणे-फुटाणे सगळे एक झाले होते.

पुढे जे झालं ते ऋजुताने भाबडेपणाने केलं, असं मी सांगणार नाही. तिने ते जाणूनबुजून केलं. डबा हातात घेऊन ती नाझनीनसमोर बसली आणि म्हणाली, "ओळख बघू, आईने हा कसा भरला होता?"

"कसा म्हंजे?"

"खाली दाणे, वर फुटाणे. सुट्टीत मी हाच डबा एसटीने परत नेला, तर घरी पोचेपर्यंत वेगळे होतील का गं?"

"येडी काय तू?" नाझनीन हसली.

"का पण? अडवलंय कुणी?"

नाझनीनच्या हातात चमचा होता, समोर स्टीलची ताटली. चमचा तिने जरासा उचलला. मग तो चमचा हळूच खाली ठेवला गेला, आणि नाझनीन दोन्ही हात हनुवटीखाली घेऊन ऐकायला बसली.

ऋजुताने सांगितलं. नानांसारखंच, आडून आडून, एकेक प्रश्न पुढे सरकवत. कुठे थांबायचं, कुठे घाई करायची नाही, हे सगळं तिच्यात कधीचं मुरलेलं होतं, तिलाच माहीत नव्हतं. फुटाण्यांवरून ती मांडण्यांवर आली, मांडण्यांवरून चहावर, चहावरून काळावर. आणि नाझनीनचे डोळे मोठे मोठे होत गेले, तोंड उघडं राहिलं, आणि एकदम "या अल्ला!" म्हणून तिने ऋजुताचे दोन्ही खांदे पकडले. "म्हंजे काळ त्यामुळं पुढं जातोय! अगं, असं हाय व्हय ते!"

"आलं बघ," ऋजुताच्या तोंडून निघून गेलं. तिला आनंद झाला, खरा आनंद, आणि त्याच क्षणी स्वतःची शिसारी आली. दोन्ही भावना एकमेकींत अशा मिसळल्या, की तिला वेगळ्या करता येईनात.

* * *

खांबेट्यांचा तास छान झाला म्हणतात. त्यांनी काचेच्या टाकीत निळी शाई सोडली, पडद्यावर कोट्यवधी ठिपके नाचवले. भिंतीवर सगळ्यांच्या रेघा दिसत होत्या. ज्यांना आजवर फारसं काही उमजलं नव्हतं त्यांच्याही रेघा थोड्याफार हलल्या. ऋजुताची आणि नाझनीनची मात्र शेवटपर्यंत आडवी पडून राहिली. पण वर्षभराचा या दोघींचा डोंगर इतका उंच होता, की बाकीच्यांना एका तासात तो चढता येण्यासारखा नव्हता. खांबेट्यांनी चष्मा काढून भिंतीकडे पाहिलं, नाराजीने मान हलवली आणि जागा ऋजुताला दिली.

प्रयोगशाळेत घेतलेल्या विद्यार्थ्यांची राहायची सोय टेकडीपलीकडे वेगळी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी नाझनीनने तिची गादी गुंडाळून दिली, पेटीला दोरी बांधून दिली. एकदाही कुरकुरली नाही. ते ऋजुताला सहन होईना.

"नाझ," ती म्हणाली, "तो डबा... ते मी..."

"म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"मुद्दाम फोडलीस ते." नाझनीन दोरीची गाठ आवळत होती. "'अडवलंय कुणी' म्हणालीस तवाच कळलं. तुझा आवाज कापत होता."

"मग वाजवलं का नाहीस? चमचा तर हातात होता तुझ्या!"

नाझनीनने गाठ पक्की केली आणि मग वर पाहिलं. "दोन वर्षांत कुणी मला समोर बसवून काही सांगितलं नव्हतं गं. वर्गात सांगतात ते पट्टीला सांगतात. तू मला सांगत होतीस. आणि इतकं ग्वाड सांगत होतीस, की मी म्हटलं, जाऊ दे जागा गेली तर, हे ऐकून तरी घेतो." ती थोडं थांबली. "मला वाटलं, शेवटाला म्हणशील, चुकलं माझं. रात्री म्हणशील, सकाळी म्हणशील. तास सुरू होईस्तवर वाट बघितलो मी."

ऋजुताला रडू आलं. नाझनीनने पेटी उचलून दारापर्यंत आणून ठेवली.

"आता कशाला रडतीस? मिळालं की तुला," ती म्हणाली. "जा. गाडी थांबलीया."

* * *

नव्या खोलीत ऋजुता एकटीच होती. प्रयोगशाळेतल्या पोरांनी पट्टी दिवसभर घालायची असते, असं तिला पहिल्याच सकाळी सांगण्यात आलं, आणि कामाबद्दल आपसात अवाक्षर काढायचं नाही, हेही. रविवारी तिने घरी फोन लावला. आधी आईने घेतला.

"नानांना दे ना," ऋजुता म्हणाली.

"देते." आईने आवाज खाली केला. "तू गेल्यापासून गल्लीतली पोरं येतात गणितं घेऊन, त्यांना पण परत पाठवतात. म्हणतात, माझ्या तोंडाने कुणाचं नुकसान नको. जरा प्रेमाने बोल बाई त्यांच्याशी."

मग नाना आले. "अभिनंदन गं बाळा! बघ, मिळालीच ना जागा! माझ्या मूर्खपणातूनसुद्धा वाचलीस." आवाज हसरा होता, पण बेताबेताने चालणाऱ्या माणसासारखा.

"नाना, चुकलं माझं," ती म्हणाली. "मी फार वाईट बोलले."

"छे छे. बरोबरच बोललीस. माझंच चुकलं."

"नाही हो. ऐका ना. एक कोडं घाला. पूर्वीसारखं."

पलीकडून नुसता भांड्यांचा आवाज आला.

"नाना?"

"आता तिथेही पट्टी असेलच की तुम्हाला."

"असू दे. मी काढून ठेवते. काहीही सांगा. ते फुटाण्यांचंच पुन्हा सांगा. तुमच्या आवाजात ऐकायचंय मला. ती एसटी, आणि ते मांडण्यांचं..."

टण्! टण्! टण्! टण्!

आधी तिला कळेना, काय झालं. मग कळलं. नाना फोनजवळ ताटली धरून चमच्याने बडवत होते.

"नाना, नको ना! नाना, ऐका!"

टण्! टण्! टण्! ती तोंड उघडायची की चमचा वाजायचा. ती रडत होती, पण त्या आवाजात ते त्यांना ऐकू जात नव्हतं. ती पार गप्प झाली तेव्हा कुठे ताटली थांबली.

"काय!" नाना म्हणाले. केलेल्या हुशारीचं त्यांना कौतुक वाटत होतं, आणि धापही लागली होती. "घसरत होतीस की नाही? आता मी आहे इकडे सावध. पुन्हा नाही होऊ द्यायचा तुझा तोटा."



"बरं, पोहे खाल्लेस का?" नानांनी विचारलं.

"खाल्ले," ती म्हणाली.